मारुती 800 साठी जास्तीचे इंजिन मर्यादित खर्चात बांधायचे आहे : पैसा आधी कुठे घालावा?

शाहूपुरी_800

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 1996 सालची कार्ब्युरेटरची मारुती 800 आहे आणि ती रोजच्या वापरात आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू होताना ती थोडा निळा धूर सोडते, घाटात पूर्वीसारखी ओढत नाही आणि ऑइलची पातळी अधूनमधून भरून काढावी लागते. तरीही ती अजून थांबलेली नाही आणि ती थांबण्यापूर्वी तिच्यासाठी दुसरे इंजिन तयार असावे, अशी माझी इच्छा आहे. म्हणून एका भंगार व्यावसायिकाकडून ओम्नीचे जुने इंजिन मी विकत घेतले. हेही कार्ब्युरेटरचेच, 796 सीसीचे, तीन सिलिंडरांचे एफ8बी इंजिन आहे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68.5 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 72 मिमी, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. क्रँक पुलीला पाना लावून फिरवले तर ते फिरते, पण एका सिलिंडरवर हाताला दाब जवळजवळ लागत नाही.

या कामासाठी मी 20,000 रुपये बाजूला ठेवले आहेत आणि या वर्षी याहून अधिक रक्कम मला उभी करता येणार नाही. घरी पाने, गोटी पान्यांचा संच आणि फीलर गेज आहे; टॉर्क पाना एका स्नेह्यांकडून मिळेल; मायक्रोमीटर व बोअर गेज मात्र नाही. इंजिन खोलणे, धुणे आणि पुन्हा बांधणे ही कामे मी स्वतः करणार आहे, लेथवरची कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरात द्यावी लागतील.

माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रींचे म्हणणे असे की पिस्टनच्या नवीन रिंगा, बिगएंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाची) बेअरिंगे आणि पॅकिंग सेट घालून मोकळे व्हावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की बोअर केल्याशिवाय, म्हणजे झिजलेले सिलिंडर मोठ्या मापाला कापून घेतल्याशिवाय, इंजिन बांधण्यात अर्थ नाही. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे यापेक्षा निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा, हे मला समजून घ्यायचे आहे.

मोजपट्टी

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तराची दिशा आहे. दोन्ही मिस्त्री बरोबर असू शकतात, कारण त्या दोघांनीही अजून तुमचा ब्लॉक मोजलेला नाही. हात आखडता असताना सर्वांत महाग पडतो तो मोजमापाआधी विकत घेतलेला सुटा भाग. स्टँडर्ड मापाच्या रिंगा आज आणल्या आणि पुढे बोअर करावा लागला, तर त्या रिंगा कपाटात पडून राहतात. म्हणून पहिला खर्च मोजमापावर करा. एखाद्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक आणि क्रँक घेऊन जा आणि आकडे कागदावर लिहून मागा. 'ठीक आहे' किंवा 'झिजले आहे' एवढ्या उत्तरावर परत येऊ नका.

प्रत्येक सिलिंडरमध्ये वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर दोन दिशांनी माप घ्यायचे असते. एक दिशा क्रँकच्या लांबीला समांतर आणि दुसरी तिला काटकोनात. म्हणजे एका सिलिंडरचे सहा आणि तीन सिलिंडरांचे अठरा आकडे होतात. झीज वरच्या भागात, पहिली रिंग जिथून परत फिरते तिथे सर्वाधिक असते, कारण त्या क्षणी पिस्टन थबकलेला असल्याने ऑइलचा थर अगदी पातळ होतो आणि ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. काटकोनातल्या दिशेने झीज अधिक असते, कारण कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन त्याच बाजूला रेटला जातो. वर-खालच्या मापांतील किंवा दोन दिशांच्या मापांतील फरक 0.10 मिमीहून अधिक असेल, तर सुझुकीच्या मॅन्युअलनुसार बोअर करणे आवश्यक आहे. ही रेषा समोर असली की वादाला फारशी जागा राहत नाही.

तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू पैशांत मोजता येणारी नाही. गाडी चालू आहे, त्यामुळे हे इंजिन अमुक दिवशी बसलेच पाहिजे असा तगादा नाही. ज्याची गाडी गॅरेजमध्ये उघडी पडलेली असते, त्याला मिळेल तो भाग मिळेल त्या भावाने घ्यावा लागतो. तुम्हाला थांबता येते, विचारता येते आणि न पटलेला भाग परत करता येतो.

रेवा_सातारा

मापांच्या आधी कागदांचा विषय मांडते, कारण त्याचा खर्चाशी थेट संबंध आहे. आरसीवर चासी क्रमांकाप्रमाणेच इंजिन क्रमांकही असतो आणि तो ब्लॉकवर ठोकलेला असतो. तुम्ही ओम्नीचा ब्लॉक 800 मध्ये बसवला की गाडीतला क्रमांक आणि आरसीवरचा क्रमांक वेगळे होतात. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 वाहनातील बदलांविषयी आहे. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करून घेणे हे त्याच चौकटीत येते. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी आहेच, आणि तिथे हा क्रमांक पाहिला जातो. अपघातानंतर विम्याचा दावा करतानाही हीच विसंगती अडचणीची ठरते.

म्हणून विक्रेत्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि ज्या गाडीतून हे इंजिन निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळवा. हे दोन्ही कागद हातात नसतील, तर त्या ब्लॉकवर एक पैसाही घालू नका. तशा वेळी दुसरा मार्ग उरतो. ओम्नीच्या इंजिनातील क्रँक, हेड, रॉड असे चांगले भाग तपासून तयार ठेवायचे आणि स्वतःच्या गाडीचा ब्लॉक पुढे कधीतरी उतरवून त्यातच ते बांधायचे. त्यात गाडी काही काळ बंद राहील, पण क्रमांक जसाच्या तसा राहील.

शाहूपुरी_800

रेवाताई, आपण हा मुद्दा वेळेवर मांडलात. पावतीवर क्रमांक आहे. नोंदणी रद्द झाल्याच्या आदेशाची प्रत विक्रेत्याने दिली आणि ती ब्लॉकवरील क्रमांकाशी जुळते. आरटीओत चौकशी केली असता, इंजिन बसवण्यापूर्वी अर्ज करावा आणि बसवल्यावर गाडी तपासणीसाठी आणावी, असे सांगण्यात आले. त्यामुळे याच ब्लॉकवर काम करण्याचे ठरवले आहे.

उद्यमनगर_लेथ

मी उद्यमनगरात आयुष्यभर बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचे काम केले, आता मुलगा पाहतो. माझा सल्ला असा की इंजिन खोलण्यापूर्वी त्याला एकदा बोलू द्या. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची नळी प्लगच्या भोकाला जोडण्याची सोय करा. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वर आणा, क्रँक फिरू नये म्हणून धरून ठेवा आणि बेताची हवा सोडा. हवा ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा बोअर, एक्झॉस्टच्या वाटेने आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कार्ब्युरेटरच्या बाजूने आली तर इनलेट वॉल्व्ह. ब्लॉकमध्ये पाणी भरून ठेवले आणि त्यात बुडबुडे आले, तर हेड पॅकिंग गेले आहे किंवा हेडला तडा आहे. या तपासणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि खोलल्यावर नेमके काय शोधायचे हे आधीच कळते.

खोलताना प्रत्येक रॉड आणि त्याची कॅप यांवर सिलिंडरचा क्रमांक टाका. कॅप एकमेकींत बदलल्या तर रॉडचे भोक गोल राहत नाही, कारण कारखान्यात ती जोडी एकत्र कसूनच आतून कापलेली असते. मेन बेअरिंगच्या चारही कॅपचे स्थान आणि दिशा यांची तशीच नोंद ठेवा. रॉकर आर्म ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा, कारण झिजलेली जोडी पुन्हा एकमेकांवरच चालली पाहिजे.

शाहूपुरी_800

काकांच्या सूचनेप्रमाणे हवा सोडून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरची हवा ऑइलच्या तोंडातून स्पष्ट ऐकू येत होती आणि थोडी एक्झॉस्टमधूनही येत होती. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची गळती बरीच कमी होती. त्यानंतर इंजिन खोलले आणि ब्लॉक, क्रँक व हेड मशीन शॉपमध्ये मोजून घेतले. सर्व अठरा आकडे इथे देत नाही, महत्त्वाचे तेवढे देतो.

पहिल्या सिलिंडरमध्ये वर, काटकोनातल्या दिशेने 68.57 आणि तळाशी 68.51. दुसऱ्यात 68.58 आणि 68.51. तिसऱ्यात 68.63 आणि 68.52. म्हणजे पहिले दोन सिलिंडर 0.10 च्या आत आहेत आणि तिसरा 0.11 वर आहे. क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकमधील मेन बेअरिंगांत फिरणारे गोल भाग, चांगले आहेत. बिगएंड जर्नलपैकी तिसऱ्यावर नखाला लागतील असे ओरखडे आहेत आणि त्याची गोलाई 0.02 मिमीने बिघडलेली आहे. हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेज लावून पाहिला, 0.05 चे पान कुठेही शिरले नाही.

आता पेच असा आहे की मर्यादा फक्त एका सिलिंडरने आणि तीही 0.01 मिमीने ओलांडली आहे.

गुहागरकर

मी स्वतः ओम्नी चालवतो आणि अशाच परिस्थितीत केवळ रिंगा बदलून तिने पुढे बरीच वर्षे सेवा दिली आहे. तुमची गाडी शहरात आणि जवळपासच्या गावांना जाण्यासाठीच वापरली जात असेल, तर बोअरिंग, होनिंग (दगडाने घासून शेवटचे माप देणे) आणि तीन नवीन पिस्टन यांवर अर्धी रक्कम घालण्यापेक्षा रिंगा, बेअरिंगे, ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप यांवर ती घालावी असे मला मनापासून वाटते. मॅन्युअलमधील मर्यादांच्या थोडे बाहेरही इंजिन चालते. फक्त वरची कड काढल्याशिवाय नवीन रिंग घालू नका. जुनी रिंग जिथे थांबत असे त्याच्या वर न झिजलेल्या धातूची पायरी राहते, आणि नवीन रिंगेची धारदार कड तिच्यावर आदळली की रिंग तरी तुटते, नाहीतर पिस्टनमधला दोन खाचांमधला भाग तरी.

उद्यमनगर_लेथ

गुहागरकरांनी कडेविषयी जे लिहिले ते अगदी बरोबर आहे आणि रिंगा घालून इंजिन चालते हेही मी नाकारत नाही. पहिल्या दोन सिलिंडरांसारखा तिसरा असता, तर मीही तोच सल्ला दिला असता. परंतु निमुळत्या झालेल्या सिलिंडरमध्ये रिंगेला प्रत्येक फेरीत वर जाताना उघडावे आणि खाली येताना मिटावे लागते. तिसऱ्या सिलिंडरमध्ये व्यासाचा फरक 0.11 आहे, म्हणजे रिंगेच्या तोंडाची फट वर-खाली सुमारे 0.35 मिमीने बदलत राहील, कारण परीघ व्यासाच्या साधारण 3.14 पट वाढतो. तळाशी ती एकमेकांना टेकू नये एवढी ठेवायची, तर वर, जिथे दाब सर्वाधिक तिथेच, ती मोठी राहते. त्यामुळे धूर काही काळ कमी होतो आणि पुन्हा सुरू होतो.

आता बोअर करायचा ठरला, तर किती करायचा हा खरा प्रश्न आहे आणि इथे घाईने पिस्टन विकत घेण्यात धोका आहे. या इंजिनाला 0.25 आणि 0.50 असे दोन ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून तेवढे मिमी मोठे पिस्टन, मिळतात. तिसऱ्या सिलिंडरचे सर्वाधिक माप 68.63 आणि 0.25 चे माप 68.75, म्हणून 0.12 मिमी धातू शिल्लक आहे असे कागदावर दिसते. पण झीज सर्व बाजूंनी सारखी नसते. ती सगळी एकाच भिंतीवर झाली असेल, तर मूळ केंद्रापासून ती भिंत 34.25 वरून 34.38 मिमीवर गेलेली असणार. 0.25 च्या बोअरची त्रिज्या 34.375 आहे. म्हणजे केंद्र मूळ जागी ठेवून कापले, तर हत्यार त्या भिंतीला वरच्या भागात स्पर्शही करणार नाही. केंद्र झिजलेल्या बाजूला सरकवून कापण्याचा मोह कारागिराला होतो, आणि मग पिस्टन रॉडच्या रेषेपासून बाजूला जातो. मी तसे काम कधी केले नाही आणि तुम्ही कोणालाही करू देऊ नका. बोअरिंग बार नेहमी तळाच्या न झिजलेल्या भागावर केंद्रित करावा.

म्हणून कारागिराला सांगा की आधी फक्त तिसरा सिलिंडर 68.70 पर्यंत कापून पाहा. चमकदार कापलेल्या पृष्ठभागावर वर कुठे जुना काळसर पट्टा उरला का, ते डोळ्यांना दिसते. उरला नाही तर 0.25, उरला तर 0.50, आणि जे माप ठरेल तेच तिन्ही सिलिंडरांना. शेवटचे माप होनिंगने घ्यायचे आणि तेही पिस्टन हातात आल्यावर, प्रत्येक पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) मोजून. पिस्टनच्या डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर कधीही होनिंग करू नये.

मोजपट्टी

काकांच्या गणिताशी मी पूर्ण सहमत आहे. खर्चाच्या बाजूने एवढेच जोडतो की 0.25 व 0.50 यांच्या बोअरिंगच्या मजुरीत किंवा पिस्टनच्या किमतीत फरक असलाच तर किरकोळ असतो. फरक भविष्याचा आहे, कारण 0.50 नंतर स्लीव्ह (सिलिंडरमध्ये नवी नळी) घालण्यावाचून मार्ग नाही. पण हे मुळात जास्तीचे इंजिन आहे आणि त्याला तिसऱ्यांदा बांधण्याची वेळ येईल तेव्हा परिस्थिती पूर्ण वेगळी असेल. पट्टा उरला तर 0.50 ला कचरू नका. 69 मिमी बोअरने इंजिन साधारण 808 सीसीचे होते, त्याने चालण्यात जाणवण्यासारखा बदल होत नाही.

क्रँकच्या बाबतीत 0.02 गोलाई बिघडलेली असताना स्टँडर्ड बेअरिंग बसवू नका. त्यासाठी मर्यादा 0.01 आहे. मेन जर्नल चांगले असतील तर त्यांना केवळ पॉलिश पुरेसे आहे, आणि तिन्ही बिगएंड 0.25 अंडरसाइज, म्हणजे घासून तेवढे मिमी बारीक, करून घ्या. मेन आणि बिगएंड वेगवेगळ्या मापांचे असले तरी चालते, आणि त्यातून मेन बेअरिंगच्या बाजूचे ग्राइंडिंग वाचते. ग्राइंडिंगनंतर जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई जपली आहे का ते पाहा. तिथे तीक्ष्ण कोपरा राहिला तर क्रँकला तडा तिथूनच जातो.

शाहूपुरी_800

तिसरा सिलिंडर आधी कापून पाहिला. वरच्या भागात, काटकोनातल्या एका भिंतीवर बोटाएवढ्या रुंदीचा काळसर पट्टा राहिला, जसा काकांनी वर्तवला होता. तो रिंग जिथे फिरते त्याच उंचीवर असल्याने दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. 0.50 चे पिस्टन, पिना आणि रिंगा मागवल्या, पिस्टन मोजून तिन्ही सिलिंडर होन करून घेतले. दुकानदाराने न उघडलेले भाग परत घेण्याचे मान्य करून बिल दिले, ही मोठी सोय झाली. बिगएंड 0.25 झाले आहेत.

आता हेडविषयी मार्गदर्शन हवे आहे. वॉल्व्ह आणि सीट (वॉल्व्ह जिथे टेकतो ती जागा) नवीन करण्याएवढे पैसे उरलेले नाहीत.

उद्यमनगर_लेथ

हेड सरळ आहे, तेव्हा त्याला फेसिंग करू नका. विनाकारण धातू काढला तर कॉम्प्रेशन वाढते आणि हेड खाली आल्यामुळे कॅम व क्रँक यांच्यातील अंतर कमी होऊन बेल्टवरचे टायमिंगही थोडे मागे पडते. वॉल्व्ह काढून कार्बन साफ करा. वॉल्व्ह गाइडमध्ये किती हलतो ते पाहा आणि ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने लॅप करा, म्हणजे सीटवर घासून बसवा. सीटवर अखंड करडी गोल पट्टी दिसली पाहिजे. ती वॉल्व्हच्या काठावर न येता त्याच्या तिरक्या पृष्ठभागाच्या मध्याजवळ असावी. मग वॉल्व्ह स्प्रिंगसह बसवा, हेड उलटे करून पोर्टमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल भरा आणि थोडा वेळ वाट पाहा. ज्या वॉल्व्हच्या कडेने ओल दिसेल तो पुन्हा लॅप करावा, आणि तरीही ओल थांबली नाही तर फक्त त्या एका वॉल्व्हचे काम मशीनवर द्यावे. वॉल्व्ह स्टेम सील मात्र सर्व सहा नवीन घाला. तुमच्या चालू गाडीचा सकाळचा निळा धूर बहुधा याच सीलमधून रात्रभर झिरपलेल्या ऑइलचा आहे.

मोजपट्टी

बांधण्यापूर्वीच्या स्वच्छतेविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण यात खर्च नगण्य आहे आणि नवीन बोअर वाया जाण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते. होनिंगनंतर भिंतीवर सुमारे साठ अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. त्या रेघांत होनिंगच्या दगडाची आणि धातूची अत्यंत बारीक पूड अडकलेली असते. डिझेल किंवा पेट्रोलने धुतल्यावर बोअर स्वच्छ दिसतो, पण पूड तशीच राहते, कारण ते द्रव तेल विरघळवतात, कण उचलून बाहेर काढत नाहीत. गरम पाणी, कपडे धुण्याची पूड आणि ताठ ब्रश घेऊन प्रत्येक सिलिंडर घासा, पाणी बदला, पुन्हा घासा. मग कोरडे करून लगेच ऑइल लावा, नाहीतर बिडावर पाहता पाहता तांबूस गंज धरतो. शेवटची परीक्षा पांढऱ्या सुती कापडाची आहे. ऑइल लावलेले कापड बोअरमध्ये फिरवून काढल्यावर ते करडे झाले, तर धुणे संपलेले नाही.

क्रँकमधील ऑइलच्या वाटांतून तार आणि ब्रश फिरवून दाबाची हवा सोडा. ग्राइंडिंगची पूड तिथेही बसते आणि पहिल्याच मिनिटात नव्या बेअरिंगवर येते. हेडच्या बोल्टची ब्लॉकमधील भोके कोरडी करा. त्यांत ऑइल किंवा पाणी साचलेले असताना बोल्ट आवळला, तर द्रव दबत नसल्यामुळे भोकाभोवतीचे बीड तडकू शकते, शिवाय टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो.

रेवा_सातारा

माझा एक प्रश्न, ज्याचे उत्तर सर्वांना उपयोगी पडेल. जुन्यातले कोणते भाग पुन्हा वापरावेत आणि कोणत्या भागांवर अजिबात काटकसर करू नये?

उद्यमनगर_लेथ

कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर खड्डे किंवा सपाटी नसेल तर तो वापरावा. रॉकर, रॉड, मॅनिफोल्ड, पुल्या आणि टायमिंगचे दाते सुस्थितीत असतील तर तेही वापरावेत. ऑइल पंप उघडून गिअरवर व झाकणावर ओरखडे पाहावेत आणि फीलर गेजने फट मोजावी. ती मर्यादेत असेल तर पंप ठेवावा. काटकसर करू नये ती बेअरिंगे, ऑइल सील, हेड पॅकिंग, टायमिंग बेल्ट व त्याचा टेन्शनर यांवर, आणि ब्लॉकच्या बाजूच्या वॉटर प्लगवर, म्हणजे त्या पत्र्याच्या टोप्यांवर. त्या टोप्या किरकोळ किमतीच्या असतात, आतून गंजतात, आणि गाडीत इंजिन बसवल्यावर त्यांतल्या काहींपर्यंत हातही पोहोचत नाही.

शाहूपुरी_800

याच यादीप्रमाणे खरेदी केली. रंगकाम, नवीन क्लच प्लेट आणि नवीन कार्ब्युरेटर किट तूर्त बाजूला ठेवले आहे. क्लच चालू गाडीतलाच, मोजून आणि पाहून, वापरेन. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपट्या होणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या दोऱ्याने) तपासली, ती सर्व ठिकाणी मॅन्युअलच्या आत आहे. क्रँक बसवल्यावर हाताने सहज फिरतो. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनने सरळ ढकलून तिची फट मोजली. वॉटर पंपाचे बेअरिंग खरखरत होते, म्हणून राखीव ठेवलेल्या रकमेतून तोही नवीन घेतला. एकूण खर्च ठरवलेल्या रकमेच्या आत बसला आहे, आणि उरलेल्या पैशांतून ऑइल, फिल्टर व कूलंट येईल.

इंजिन बांधून पूर्ण होईल, पण आरटीओची परवानगी आणि माझी सुटी यांचा मेळ पावसाळ्यानंतरच बसेल असे दिसते. तोवर ते कसे ठेवावे?

मांडवी_तीर

आमच्याकडे गोव्यात खारट, दमट हवेत उघडे बीड काही दिवसांत तांबडे होते, म्हणून हा विषय मी जवळून पाहिला आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडा, क्रँक हाताने फिरवा आणि प्लग लावून टाका. इनलेट, एक्झॉस्ट, पाण्याची तोंडे आणि ऑइलचे तोंड प्लॅस्टिक व चिकटपट्टीने बंद करा. भोकात कापडाचा बोळा कोंबू नका, तो ओल धरतो आणि बसवताना आत विसरला जातो. इंजिन लाकडी चौकटीवर, जमिनीपासून वर ठेवा आणि अधूनमधून क्रँक फिरवून प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबवा. टायमिंग बेल्टवर ऑइल सांडू देऊ नका. वॉटर पंप बसवलेला असेल तर ब्लॉकमध्ये साधे पाणी भरून ठेवू नका.

गुहागरकर

बोअर करण्याचा निर्णय योग्य ठरला, हे त्या काळसर पट्ट्याने दाखवले, आणि काकांच्या गणितातून मलाही नवीन गोष्ट कळली. बसवण्याच्या वेळेसाठी एक व्यावहारिक सूचना करतो. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली लांबीत बसते आणि चाल मागच्या चाकांना देते. 800 मध्ये तेच इंजिन आडवे, पुढच्या चाकांसाठी आहे. त्यामुळे ऑइलचा सम्प (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे), त्यातील ऑइल ओढण्याची नळी, माउंटिंगचे ब्रॅकेट आणि मॅनिफोल्ड तुमच्या 800 च्या इंजिनावरूनच घ्यावे लागतील. म्हणजे इंजिन बदलण्याच्या दिवशी सम्पचे पॅकिंग आणखी एकदा लागेल. ते आधीच आणून ठेवा, आणि तोवर ओम्नीचा सम्प झाकण म्हणून तात्पुरता राहू द्या.

शाहूपुरी_800

सम्पच्या नळीचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, तो लिहून घेतला. आता एकच शंका उरली आहे. पहिल्यांदा सुरू करताना आणि त्यानंतरच्या काही किलोमीटरांत नेमके काय पाळावे? इथे कोणी पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नका असे सांगतात, तर कोणी इंजिन तासभर जागेवर चालू ठेवा असे सांगतात.

उद्यमनगर_लेथ

जागेवर तासभर चालू ठेवू नका. रिंगा भिंतीवर बसतात त्या ज्वलनाच्या दाबाने, आणि रिकाम्या चालण्यात तो दाब मिळत नाही; भिंती नुसत्या गुळगुळीत होऊन जातात आणि मग ऑइल खाण्याची तक्रार कायम राहते. आधी ऑइल पंपाच्या गिअरमध्ये ऑइल भरून घ्या. प्लग काढून स्टार्टरने थोडे थोडे फिरवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत प्लग लावू नका. सुरू झाल्यावर गळती, दिवा आणि तापमान पाहा. पंखा चालू झाला आणि सर्व ठीक असेल तर गाडी बाहेर काढा.

पहिल्या पाचशे किलोमीटरांत वेग सतत एकसारखा ठेवू नका. मध्यम ओढ द्या, पाय सोडून गाडी गिअरमध्येच मंदावू द्या, पुन्हा ओढ द्या. पूर्ण ॲक्सिलरेटर, पूर्ण भार आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने रखडत चढणे, या तिन्ही गोष्टी टाळा. शाहूपुरीहून पन्हाळ्याचा रस्ता यासाठी चांगला आहे, फक्त चढावर वेळेत गिअर खाली टाका. ऑइल साधे मिनरल 20डब्ल्यू-40 वापरा; सिंथेटिकवर आत्ता पैसे घालू नका. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, इंजिन गार असताना वॉल्व्हची फट पुन्हा मोजा, आणि हेडचे बोल्ट पुन्हा आवळण्याविषयी तुमच्या पॅकिंगच्या पाकिटावर जे लिहिले असेल तेच करा. काढलेला फिल्टर फेकण्यापूर्वी कापून कागद उलगडा. बारीक करडी पूड पहिल्या वेळी असते, ती स्वाभाविक आहे. चमकणारे पापुद्रे दिसले तर गाडी चालवू नका, सम्प उतरवून बिगएंडची बेअरिंगे पाहा आणि मला इथे कळवा.